आपला पोरगा पलटणीला घ्यायला कसा लावावा

हे मार्गदर्शन सर्वांसाठी नाही. ज्यांच्या आवडत्या संघाचं गाव राज्याच्या दुसऱ्या टोकाला आहे, ज्यांच्या हातात लिलावातला एक रुपयाही नाही, आणि तरीही 'याला घ्यायलाच पाहिजे' म्हणून जे रात्री साडेअकराला अंथरुणात उठून बसतात, त्यांच्यासाठी आहे. लेखकाचा अधिकार असा: गडचांदुरात कॉलेजच्या रस्त्यावर झेरॉक्सचं दुकान, प्रो कबड्डी 2014 साली सुरू झाली तेव्हापासून पुणेरी पलटणवर निष्ठा, आणि तरुणपणी कबड्डीतच कामातून गेलेला डावा गुडघा. तिन्हींचाही उपयोग पुढे होईल. गुडघ्याचा जास्त.

पायरी पहिली. संघ एकच धरावा आणि तो का धरला याचं उत्तर तयार ठेवावं. आमच्याकडे हे सोपं नाही. कोरपना तालुका पूर्वीच्या राजुऱ्यातून निघाला, आणि राजुरा 1956 पर्यंत हैदराबाद राज्यात, आदिलाबाद जिल्ह्यात होता. मग काही काळ नांदेड, मग चांदा. म्हणजे आमच्या आजोबांनी घर न हलवता तीन जिल्हे पाहिले. त्यामुळे आमचे साळे, ज्यांची चहाची टपरी माझ्या दुकानाला लागून आहे, तेलुगू टायटन्सचे समर्थक आहेत आणि त्याला ऐतिहासिक आधार असल्याचं सांगतात. "भाऊजी, तुमच्या पुण्याले कोरपना नकाशात दाखवून पाहा म्हना," हे त्यांचं रोजचं वाक्य. त्यांचा दुसरा हुकमी पत्ता सिद्धार्थ देसाई. कोल्हापूरकडचा पोरगा, पहिल्याच हंगामात यू मुंबाकडून चढाईचे दोनशेच्या वर गुण, आणि 2019 च्या लिलावात त्याच्यासाठी एक कोटी पंचेचाळीस लाख मोजले कोणी, तर टायटन्सनी. "महाराष्ट्राचा पोरगा आमीच वळखला."

यावर माझं उत्तर तारखेनिशी आहे. 1 मार्च 2024, दहाव्या हंगामाची अंतिम लढत, पुणेरी पलटण 28, हरियाणा स्टीलर्स 25. मैदान कुठलं? हैदराबादचं. त्याच हंगामासाठी टायटन्सनी पवन सेहरावतला दोन कोटी साडेसाठ लाखांना घेतलं होतं आणि संघ गुणतक्त्याच्या तळाला राहिला. मी पेढे वाटले. साळ्यांनी दोन खाल्ले, तिसरा घरी नेला.

विदर्भाचा स्वतःचा संघ का नाही, हा प्रश्न इथे काढू नये. लांबण लागते. तरी काढतोच. 1936 साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी जगाला कबड्डी दाखवली ती अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या लोकांनी. आज लीगमध्ये बारा संघ आहेत. त्यात महाराष्ट्राचे दोन, पुणे आणि मुंबई. आमच्या वाट्याला एकदाच घरचं मैदान आलं, 2017 साली, नागपूरच्या मानकापूरला. घर कोणाचं? बेंगळुरू बुल्सचं. त्यांना त्यांच्या गावात जागा मिळाली नव्हती. आम्ही सात दिवस कन्नड झालो.

पायरी दुसरी. पोरगा निवडावा. इथे बहुतेक लोक चुकतात, कारण ते हात पाहतात. चढाईपटूचे पाय पाहावेत. हात शेवटी जातो, त्याच्या आधी अर्धा सेकंद पायाने सगळं ठरवलेलं असतं. चवड्यावर खेळणारा पोरगा आणि टाच टेकवून खेळणारा पोरगा यांत हंगामाचा फरक असतो. टाच टेकली की कोपऱ्यातला गडी घोट्यावर आलाच. बोनस घेताना तर पायच सगळं सांगतात. समोर सहा किंवा सात गडी असतील तरच बोनस, आणि एक पाय बोनस रेषेपलीकडे पडताना मागचा पाय हवेत हवा. गावच्या स्पर्धेत निम्मी पोरं मागचा पाय ओढत नेतात, पंच मान हलवतात, आणि मग मंडपापाशी जे होतं त्याला वेगळं मार्गदर्शन लागेल.

आमचा पोरगा मागचा पाय उचलतो. जिवतीच्या पहाडाकडच्या एका पोडावरचा, बी.ए.चं दुसरं वर्ष, डावखुरा. दोन वर्षांपूर्वी हिवाळ्यात एका गावी हॅलोजनच्या उजेडात त्याला पहिल्यांदा पाहिलं. थंडीने लोक शेकोटीला चिकटलेले, मैदानावर पाणी मारून माती बसवलेली. त्याच्या संघाचे तीनच गडी उरलेले, सलग दोन चढाया रिकाम्या गेलेल्या, तिसरी 'करो या मरो' त्याच्यावर आली. तो गेला, निदान रेषा ओलांडली आणि थांबला. नुसता उभा. समोरच्या साखळीला वाटलं दम संपला, दोघं पुढे आली, आणि हा त्यांच्या हातांखालून सापासारखा निघाला. दोन गुण. माझ्या हातातला खर्रा तसाच राहिला. तिथेच ठरलं. संघ पलटण आणि पोरगा हा.

त्याला मी हे सांगितलं नाही. ते पायरी सातमध्ये.

पायरी तिसरी. आकडे ठेवावेत. मी दोनशे पानी वही केली: चढाया, स्पर्शगुण, बोनस, पकड झाली ते, रिकाम्या गेल्या त्या. आकड्यांनी माणूस प्रामाणिक होतो असं म्हणतात. माझ्या बाबतीत थोडा वेळ झाला. मग रिकाम्या चढाया फार दिसायला लागल्या. त्या रकान्याचं नाव मी 'संयमी चढाई' केलं. पंचांनी न दिलेले गुण वेगळ्या शाईने लिहिले आणि बेरजेत घेतले, कारण पंच त्या दिवशी यजमान गावचे होते. साळ्यांनी वही चाळली आणि विचारलं, "हा कधी बाद होते का नाही?" होतो. डाव्या कोपऱ्याकडून होतो, आणि तीस सेकंदांतली शेवटची पाच उरली की घाई करतो. हे वहीत आहे. शेवटच्या पानावर आहे.

पायरी चौथी. बाजार समजून घ्यावा. 2014 च्या पहिल्या लिलावात सगळ्यात महाग गडी राकेश कुमार, पटना पायरेट्सला बारा लाख ऐंशी हजारांना. त्या वेळी आम्ही 'कबड्डीले बारा लाख!' म्हणून चहा सांडला होता. 2018 साली इराणच्या फझल अत्राचलीसाठी यू मुंबाने एक कोटी मोजले. 2023 साली आमच्या पलटणने त्याच देशाच्या मोहम्मदरेझा शादलूईला दोन कोटी पस्तीस लाखांना आणलं, आणि चषक जिंकला. पुढच्या वर्षी तो हरियाणाकडे गेला आणि चषकही हरियाणाला गेला. या विषयावर मी जास्त लिहिणार नाही. संघ चालवणाऱ्यांना काही कळत असेलच.

मुद्दा असा की एका संघाची थैली पाच कोटींची. शादलूईसारखा एक घेतला की अर्धी रिकामी, उरलेल्यात पंधरा-वीस गडी बसवायचे. तिथे आपल्यासारख्यांचं दार उघडतं. सगळ्यांत खालच्या ड गटाची मूळ किंमतच नऊ लाख. नऊ लाख! सिमेंट कंपनीच्या कंत्राटदाराकडे पोतं उचलणाऱ्या आमच्या पोराच्या बापाला हा आकडा सांगितला, तर तो म्हणाला, "महिन्याचे का वर्साचे?" मी म्हटलं हंगामाचे. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "अन् हात मोडला तं?"

याचं उत्तर माझ्याजवळ नव्हतं. माझ्या गुडघ्याजवळ होतं, पण तो बोलला नाही.

नऊ लाखांच्याही खाली आणखी एक दार आहे, नव्या तरुण खेळाडूंचं. झगमगाटाच्या लिलावाशिवाय संघ पोरं उचलतात आणि घडवतात. नगर जिल्ह्याचा अस्लम इनामदार याच दारातून पलटणमध्ये आला आणि त्याच्याच कप्तानीत आम्ही ती 1 मार्चची लढत जिंकलो. माझा सगळा युक्तिवाद या एका माणसावर उभा आहे. पलटणसाठी केलेल्या फाईलमध्ये त्याचा रंगीत फोटो लावला आहे. रंगीत प्रिंट दहा रुपये, पण घरचंच दुकान.

तिसरं दार विद्यापीठाचं. 2023 च्या लिलावाच्या यादीत खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धेच्या अंतिम फेरीतल्या दोन संघांचे चोवीस गडी घेतले होते. वाचून मी उभाच राहिलो. आपलं गोंडवाना विद्यापीठ, 2011 साली गडचिरोलीला झालेलं, चंद्रपूर आणि गडचिरोली दोन जिल्हे त्याच्या पदरात. म्हणजे आपल्याला फक्त एवढंच करायचं: आंतरमहाविद्यालयीन जिंकायची, विद्यापीठाच्या संघात बसायचं, पश्चिम विभागात गुजरात, राजस्थान, मध्य प्रदेश आणि उरलेला महाराष्ट्र हरवायचा, अखिल भारतीयला पुढे जायचं, खेलो इंडियाला पात्र व्हायचं, आणि अंतिम फेरी गाठायची. हा रस्ता मी एका कागदावर काढून दुकानात चिकटवला. कोणीतरी खाली पेनाने 'व्हाया जिवती' लिहून गेलं.

पायरी पाचवी. खर्रा मैदानाबाहेर.

पायरी सहावी, मॅट. ही खरी पायरी आहे, बाकीच्या गोष्टी हौसेच्या. आमची पोरं मातीवर खेळतात, अनवाणी. मातीवर पाय थोडा घसरतो आणि त्या घसरण्याचाच डाव होतो. पोरगा घसरत घसरत सुटतो. मॅटवर बूट चिकटतो. शरीर वळतं, पाय तिथेच राहतो, आणि गुडघा मधे सापडतो. माझा असाच गेला, तेव्हा तर मॅटही नव्हती, शाळेच्या हॉलमधली सतरंजी होती. आमच्या पोराने पहिल्यांदा मॅट पाहिली ती विद्यापीठाच्या निवड चाचणीत, आणि पहिल्या तीन चढायांत दोनदा स्वतःच्याच पायात अडकून पडला. पुण्याकडचा त्याच्याच वयाचा पोरगा लहानपणापासून मॅटवर वळायला शिकलेला असतो. दोघांचे आकडे एका वहीत लिहिणं अन्याय आहे, हे मला त्या दिवशी कळलं आणि वही मी आठ दिवस उघडली नाही. मग उघडली. 'मातीवर' आणि 'मॅटवर' असे दोन रकाने केले. मॅटच्या रकान्यात चार नोंदी आहेत. चौथी चांगली आहे.

ज्याला खरंच पोरगा पुढे पाठवायचा असेल त्याने बॅनर छापू नये, आमदारांना भेटू नये, बूट घेऊन द्यावेत आणि वळताना टाच उचलायला लावावी. मी बूट घेऊन दिले. उधारीवर. माझ्या.

पायरी सातवी. पत्र लिहावं. पत्र एकच पान असावं, असं सगळे सांगतात. माझं पहिलं पत्र अकरा पानांचं झालं, कारण त्यात आदिलाबाद, बर्लिन आणि मानकापूर होतं. दुसरं चार पानांचं. तिसऱ्यात मी साळ्यांची चार वाक्यं खोडून काढली. सातवं खरोखर एका पानाचं आहे: वय, उंची, वजन, डावखुरा, बोनस, तिसरी चढाई. सोबत वहीची प्रत, फोटो, आणि त्याची सगळी प्रमाणपत्रं, जी त्याने माझ्याकडे 'काकाजी, तुमच्याजवळ ठेवा जी, घरी उंदीर हायेत' म्हणून दिली होती. हिरव्या फाईलमध्ये सगळं नीट लावलं. दीड वर्ष झालं, फाईल तयार आहे.

पाठवली का? हा प्रश्न साळ्यांनी विचारला आहे, बायकोने विचारला आहे, आता वाचकही विचारतील. मॅटच्या रकान्यात दहा नोंदी होऊ द्याव्यात, असा माझा विचार होता. शिवाय पाठवली, की पुण्याहून काही ना काही उत्तर येईल. न पाठवता मात्र, दुकानात गिऱ्हाईक नसलं की मी फाईल उघडतो आणि त्या एका पानावर तो पलटणमध्ये असतो.

मागच्या सोमवारी पोरगा दुकानात आला. सध्या पहाटे पाचला अमलनाल्याच्या रस्त्यावर पळतो; मला वाटलं तिसाव्या सेकंदापर्यंत दम पुरावा म्हणून. "नाही जी," म्हणाला, "सोळाशे मीटर. पोलीस भरती." सोळाशेला वीस गुण, शंभर मीटरला पंधरा, गोळाफेकीला पंधरा. वर खेळाडूंसाठी पाच टक्के जागा, पण त्यासाठी कबड्डीची प्रमाणपत्रं आधी नागपूरला पडताळून आणावी लागतात. "काकाजी, थे सर्टिफिकेट पाह्यजे होते जी."

मी हिरवी फाईल काढली. त्याने पहिल्यांदाच पाहिली. अस्लमच्या फोटोवर थांबला, पत्र वाचलं, वही उलटली. 'संयमी चढाई'वर हसला. शेवटच्या पानावर, डाव्या कोपऱ्याचं लिहिलं आहे तिथे, म्हणाला, "हे बरोबर हाय." मग प्रमाणपत्रं घेतली आणि सायकलवर गेला.

पुणेरी पलटणला विनंती अशी. सातवं पत्र या आठवड्यात कुरिअरने निघेल. प्रमाणपत्रांच्या मूळ प्रती नागपूरला गेल्या आहेत, झेरॉक्स जोडली आहे. त्यावर भागवून घ्यावं. पोरगा पहाटे पाच ते सहा अमलनाल्याच्या रस्त्यावर सापडेल. मात्र भरतीची जाहिरात कधीही निघू शकते, तेव्हा येणार असाल तर लवकर या.