बिनतक्रार सुगम्यता
२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाची बूज राखून एका खात्याने आपल्या संकेतस्थळाची सुगम्यता-तपासणी केली, आणि तीही केवळ डोळस परीक्षकांकरवी, कारण अंध परीक्षकाकडून पक्षपात होण्याचा संभव होता. प्रत्येक चित्रास पर्यायी मजकूर आहे, असा निर्वाळा स्वयंचलित साधनाने दिला. तो मजकूर सर्वत्र ‘चित्र’ एवढाच असावा, ही तर संक्षेपाची परमावधी! एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर फुकट मिळत असल्याने निविदेत बसेना. सबब अक्षरे मोठी करणारे एक महागडे बटण खरीदण्यात आले, जे फक्त माउसनेच दाबता येते. तक्रारीचीही तजवीज आहे: अर्जदाराने तेवढी चित्रातली वाकडी अक्षरे ओळखून लिहावीत. अद्याप एकाही अंधाची तक्रार दाखल नाही, हे खात्याने अहवालात साभिमान नमूद केले आहे.