कोनत्या गावचे जी?

भंडाऱ्याच्या बसस्टँडवर पवनीच्या गाडीची वाट पाहत उभे राहा. पाच मिनिटांत एक गृहस्थ बाजूला येतील, खर्ऱ्याची पुडी पुढे करतील आणि विचारतील, "कोनत्या गावचे जी?"

नाव नाही विचारणार. माणसाला स्वतःचं नाव सगळ्यात गोड लागतं, असं डेल कार्नेगी १९३६ साली लिहून गेला. बिचारा झाडीपट्टीत कधी आला नसावा. इकडे नावापेक्षा गाव गोड. लाखांदूर म्हणा, "म्हनजे चुलबंदच्या काठचे!" मोहाडी म्हणा, लगेच हात जोडून "चौंडेश्वरी माय!" मग त्या गावचा एखादा साळा, मावसभाऊ, निदान शंकरपटात हरलेला एक बैल तरी ओळखीचा निघतो, आणि गाडी पहेल्याला पोचेस्तोवर तुम्ही त्यांचे जवाई झालेले असता. १९९९ साली गोंदिया जिल्हा वेगळा झाला. यांच्या सोयऱ्यांच्या सातबाऱ्यावर तो फेरफार अजून चढलेला नाही.

एकदा गाडीत मात्र वाटलं, आज अडकले. बँकेत नवे आलेले साहेब म्हणाले, "सातारा."

खर्रा या गालातून त्या गालात गेला. मी मनातून खूश. आणि मग गृहस्थ उठून उभेच राहिले. "सातारा? नागपूरचे भोसले तिकडलेच ना जी? म्हनजे तुमी आमचे जुने मालक!"

चीड याची, की खोटंही म्हणता येईना. भोसल्यांचं मूळ गाव देऊर खरंच साताऱ्याकडचं. साहेब असे काही फुलले की खिडकीची जागा त्यांनी आपणहून सोडली. मालकांनी अड्याळपर्यंत उभ्याने प्रवास केला.

मलाही ते वीस वर्षं जवाईच म्हणतात. माझी सासुरवाडी यवतमाळची, हे सांगून झालं. "मंग का झालं? विदर्भच ना जी!"

पोरीच्या लग्नाची पत्रिका लिहायला बसलो तेव्हा ध्यानात आलं, यांचं नावच माहीत नाही. पानठेल्यावर चौकशी केली. एक म्हणाला मामाजी, दुसरा म्हणाला इवाई, ठेलेवाला म्हणाला, "मोठे बापू. पर नाव तुमाले माहीत असंल, तुमी तर जवाई!"

पत्रिका तशीच राहिली. लग्नाच्या दिवशी मांडवात पाहतो तर पहिल्या पंगतीत हजर. शेजारी माझे खरे सासरे. त्यांच्या पत्रावळीवर स्वतःच्या हाताने बुंदी वाढत विचारत होते, "कोनत्या गावचे जी?"