खोट्याखाली सही हवी

कृत्रिम बुद्धिमत्ता आणि ब्लॉकचेन ही जोडी सध्या प्रत्येक परिसंवादाच्या व्यासपीठावर दिसते. एक ओळखणार, दुसरी जपणार आणि शेतमालातली फसवणूक संपणार, असं सांगितलं जातं. मला या जोडीकडून एकच काम हवं आहे. मी पैसे मोजून घेतलेल्या पेटीतला हापूस कोकणातला आहे की नाही, तेवढं सांगा.

रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांतल्या हापूसला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तरीही दर उन्हाळ्यात कर्नाटकातला आंबा ‘देवगड’ छापलेल्या पेटीत बसून मुंबई-पुण्यात विकला जातो. कर्नाटकातल्या आंब्यात काही वाईट नाही. त्यानं स्वतःच्या नावानं यावं आणि स्वतःचा भाव घ्यावा. चोरी होते ती नावाची. तिची किंमत थंडीत मोहोर राखणारा बागायतदार भरतो.

आता ब्लॉकचेन इथे काय करते ते पाहू. ही एक नोंदवही आहे. तिच्या प्रती अनेकांकडे असतात आणि प्रत्येक नोंदीत आधीच्या नोंदीची खूण गुंफलेली असते. मधलं एक अक्षर बदललं की पुढच्या सगळ्या खुणा जुळेनाशा होतात. म्हणून नोंद गुपचूप फिरवता येत नाही. पण पेटीत कोणता आंबा भरला, हे वहीला दिसत नाही. परराज्यातला आंबा भरून वर ‘देवगड’ लिहिलं, तर वही ते खोटंही तितक्याच निष्ठेनं जपेल.

वॉलमार्टचा दाखला नेहमी दिला जातो. कापलेल्या आंब्याचं पाकीट मूळ बागेपर्यंत शोधायला त्यांना जवळपास 7 दिवस लागत. ब्लॉकचेनवर ते 2.2 सेकंदांत जमलं. खरंच आहे. पण तिथे नोंद भरायला लावण्याची ताकद एका मोठ्या खरेदीदाराच्या हातात होती. मर्स्क आणि आयबीएम यांनी 2018 मध्ये जहाजवाहतुकीसाठी ब्लॉकचेनवरचं ‘ट्रेडलेन्स’ आणलं. तंत्र चाललं, पण सगळा उद्योग एका वहीवर यायला तयार झाला नाही. 2023 च्या सुरुवातीला ते बंद पडलं. उलट आपली नाशिकची निर्यातीची द्राक्षं ‘ग्रेपनेट’ या संगणकीय व्यवस्थेवर 2006 पासून थेट बागेपर्यंत शोधता येतात, तीही ब्लॉकचेनविना. कारण फवारलेल्या औषधाचा अंश जास्त निघाला, तर युरोपातून माल परत येतो आणि तो कुणाचा हे कळतं. माग ठेवणारी व्यवस्था टिकते ती खोटं अंगाशी येतं तिथे.

देवगडच्या बागायतदारांनी हे ओळखलं. त्यांच्या सहकारी संस्थेनं 2025 च्या हंगामात फळागणिक वेगळ्या क्रमांकाचं स्टिकर आणलं आणि ज्याची जेवढी झाडं, तेवढ्या हिशेबानं ते वाटलं. हे साधं त्रैराशिक मोठमोठ्या सादरीकरणांपेक्षा सरस आहे. आत येणाऱ्या खोट्यालाच ते मर्यादा घालतं.

पण हापूस दर वर्षी सारखा धरत नाही. एक वर्ष भरघोस, तर दुसरं रोडावलेलं. तुडतुडे आणि फुलकिडे मोहोर खातात, अवेळी पाऊस उरलेला झाडतो. पाच हजार फळांच्या बागेत एखाद्या वर्षी हजारच उतरली, तर चार हजार स्टिकर हातात उरतात. अशा उरलेल्या स्टिकरांना गिऱ्हाईक मिळणं अवघड नाही.

कृत्रिम बुद्धिमत्तेची खरी गरज इथे आहे. फोटो पाहून आंबा देवगडचा की धारवाडचा हे ती छातीठोकपणे सांगेल, या भरवशावर राहू नका. दोन्हीकडे जात हापूसचीच आहे. पण उपग्रहाची आणि ड्रोनची छायाचित्रं, मोहोराचे फोटो, यंदाचं हवामान आणि त्या बागेचा मागचा उतारा एकत्र करून यंदा साधारण किती फळ निघेल, याचा अंदाज ती बांधू शकते. हजाराच्या बागेतून चार हजार फळं वाशीच्या घाऊक बाजाराकडे निघाली, तर ती इशारा देऊ शकते.

आणि ब्लॉकचेन? सगळा हिशेब एकाच संस्थेकडे राहणार असेल, तर साधा संगणक पुरे. पण हापूसच्या वाटेवर बागायतदार, वाहतूकदार, वाशीचे आडतदार आणि निर्यातदार असतात. प्रत्येकाचा स्वार्थ वेगळा, आणि कुणीही आपली वही दुसऱ्याच्या हाती देणार नाही. अशा ठिकाणी सगळ्यांकडे एकच, न फिरवता येणारी प्रत असणं कामाचं आहे.

यात बागायतदाराचा बळी जाता कामा नये. यंत्राचा अंदाज हा निकाल नव्हे. यंत्र आठशे फळं म्हणालं आणि झाडांवर बाराशे असली, तर कृषी खात्याच्या माणसानं दोन दिवसांत बागेत येऊन मोजावं. हंगाम फायलीसाठी थांबत नाही. दुरुस्ती नवी नोंद म्हणून, मोजणाऱ्याच्या नावानिशी चढावी. या सगळ्याचा खर्चही बागायतदाराच्या माथी मारू नये.

प्रत्येक नोंदीखाली माणसाचं नाव हवं, ही माझी मुख्य मागणी आहे. बिननावाची खोटी नोंद कायमची राहिली, तर ब्लॉकचेन फसवणुकीला प्रतिष्ठा देते. खाली सही असेल, तर तीच नोंद लबाडाला नाकारता न येणारा पुरावा होते. खोटं भौगोलिक नाव लावून विकणाऱ्याला 6 महिने ते 3 वर्षं कैद, ही तरतूद 1999 च्या कायद्यात आहे. कायदा आहे आणि शिक्षाही आहे. बाजारात आंब्याबरोबर फिरणारा पुरावा तेवढा नाही. या जोडीनं तो उभा करावा आणि सरकारनं तो घेऊन न्यायालयात जावं. या कामासाठी जनतेचा पैसा जरूर खर्च करा. पेटीवर नुसता चौकोनी कोड चिकटवून फोटो काढायचा असेल, तर एक रुपयाही नको.