कालची सून

पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात नुसतं ‘आर्डुइनो द्या’ म्हणून भागत नाही. दुकानदार विचारतो, ‘‘ओरिजिनल की कॉपी?’’ आणि विचारता विचारताच त्याचा हात कॉपीच्या खोक्यात गेलेला असतो. गिऱ्हाईक पाहून त्याला ऐपत कळते. आर्डुइनो म्हणजे प्रोग्राम करता येणारा छोटा सर्किट-बोर्ड; त्यातल्या ‘उनो’ या प्रकारच्या एका ओरिजिनलच्या पैशांत तीन-चार कॉप्या येतात, हे गिऱ्हाइकालाही ठाऊक असतं. तरी पैसे देताना आपण उगाच ओशाळतो. परीक्षेतलं भरारी पथक कुठूनतरी बघत असल्यासारखं वाटतं.

खरं तर ओशाळायचं कारण नाही. बोर्डाचे आराखडे कर्त्यांनीच जगाला देऊन टाकले आहेत. बनवा, विका, बदला. फक्त बदललेलंही असंच खुलं ठेवा. राखून ठेवलं ते नाव आणि चिन्ह. म्हणून ज्याच्यावर नुसतं ‘उनो आर३’ छापलंय तो बोर्ड सरळमार्गी. खोटा तो, जो कंपनीचं चिन्ह मिरवतो आणि पाठीवर इटलीचा नकाशाही गोंदवून येतो.

आणि या ओरिजिनलची तरी पत्रिका काय? इटलीतल्या इव्रेआ गावी एक डिझाइन संस्था होती. तिथे एर्नान्दो बार्रागान या विद्यार्थ्याने २००३ साली प्रबंधासाठी ‘वायरिंग’ नावाची खुली प्रणाली केली. २००५ मध्ये तिथल्याच मंडळींनी तिच्यावरून, अधिक स्वस्त चिप लावून आर्डुइनो काढला. म्हणजे ज्याच्यापुढे आपण कॉपी म्हणून मान खाली घालतो, तो स्वतःच एक स्वस्त पर्याय! नाव घेतलं ते गावातल्या बारचं, आणि बारने ते घेतलं होतं १००२ साली इटलीचा राजा झालेल्या आर्दुइनचं. त्या बिचाऱ्याला दोन वर्षांत जर्मन हेन्रीने बाजूला सारलं. इकडे आर्डुइनो ही कालची सून मात्र सासू झाली. २०२५ साली तर क्वालकॉमसारख्या बड्या घराण्याने तिला घेत असल्याचं जाहीर केलं.

कॉपी नांदवताना थोडं सोसावं लागतं, नाही असं नाही. यूएसबीसाठी तिच्यावर बहुधा सीएच३४० नावाची चिनी चिप असते; संगणकाने ओळख दाखवली नाही तर तिचा ड्रायव्हर वेगळा घालावा लागतो. ‘नॅनो’ हा छोटा प्रकार असेल तर आर्डुइनोच्या सॉफ्टवेअरच्या मेनूत ‘ओल्ड बूटलोडर’ निवडायचं. एवढे मानपान केले की बोर्डावरचा दिवा लुकलुकतो, आणि अगदी ओरिजिनलसारखाच लुकलुकतो.

हल्ली मात्र दुकानदार कॉपीचाही आग्रह धरत नाही. ‘‘ईएसपी३२ घेऊन जा, वायफाय आहे, ब्लूटूथ आहे,’’ म्हणतो. शांघायच्या कंपनीची चिप, बोर्ड ओरिजिनल उनोपेक्षा कितीतरी स्वस्त, आणि प्रोग्राम आर्डुइनोच्याच सॉफ्टवेअरमध्ये लिहिता येतो. दोन कोअर, २४० मेगाहर्ट्झ! घरी आणून तिला आपण काम सांगतो, गच्चीवरची टाकी भरली की बझर वाजव. आजवर हे काम खालच्या मजल्यावरच्या काकू ओरडून, फुकट करत होत्या.