अमावास्येचे मास्तर

“काकू, कळलं का? परवा अमावास्येला मास्तर पुन्हा गच्चीवर! गल्लीत सामसूम झाल्यावर पत्र्याच्या खोलीचं छप्पर सरकवलं, आत लाल दिवा. समोरच्या वहिनी म्हणतात, करणीचा प्रकार दिसतोय.”

“तिला काय, भूत दिसल्याशिवाय जेवण जात नाही. अगं, आभाळाचे फोटो काढतात ते. चांदणं नको म्हणून अमावास्या, आणि लाल उजेडाने डोळ्यांची अंधाराची सवय मोडत नाही. मी जाऊन आले ना, तिळाच्या वड्या द्यायच्या निमित्ताने.”

“तरीच! दिसलं काय मग?”

“दुर्बिणीला डोळा लावायला गेले, तर तिथे कॅमेरा. तोही उणे दहा अंशांवर गार केलेला, म्हणजे फोटोत खरखर कमी. मास्तर कानटोपीत कुडकुडतायत! मृगातला तेजोमेघ कॉम्प्युटरवर दाखवला. साधारण १,३०० प्रकाशवर्षं लांब. पाच-पाच मिनिटांचे ढीगभर फोटो एकावर एक रचले, तेव्हा कुठे तो गुलाबी पिसारा उमटला. आणि मधला गाभा इतका लखलखीत, की त्याचे काही सेकंदांचे फोटो वेगळे.”

“मास्तरीणबाई बोलत नाहीत?”

“बोलतात की. पाटल्या राहिल्या, दुर्बीण आली. तर मास्तर दाखला देतात, १८८३ साली लंडनजवळ ईलिंगला कॉमन नावाच्या सॅनिटरी इंजिनिअरने घरच्या बागेतून ३६ इंची दुर्बिणीने हाच मेघ टिपला. नुसत्या डोळ्याला दुर्बिणीतूनही न दिसणारे तारे त्यात उमटले, पुढच्या वर्षी सुवर्णपदक मिळालं. बाई म्हणाल्या, पदक आणा, मग पाटल्यांचं बघू.”

“अगदी बरोबर बोलल्या!”

“ऐक तर. चहा पाजून हळूच म्हणतात, तुमच्या पोर्चचा पांढरा दिवा रात्री मालवाल का? म्हटलं, कॅमेऱ्याला फिल्टर लावा. म्हणे, तेजोमेघाला लावतो, हायड्रोजनचा ६५६ नॅनोमीटरचा लाल उजेड तेवढा आत येतो. पण देवयानी दीर्घिका म्हणजे अब्जावधी तारे, त्यांचा उजेड सगळ्या रंगांचा. तुमचा दिवा गाळायला जावं, तर तीही गळते. २५ लाख वर्षं वाट तुडवून आलेला उजेड माझ्या पोर्चपाशी हरतो म्हणे.”

“मग मालवलात?”

“मालवला बाई. बिल तरी कमी येईल. पण बोट दिलं तर हातच धरला. दुसऱ्या दिवशी कुंपणापाशी हजर! दुर्बीण ताऱ्यांमागे नीट फिरायची, तर तिचा आस ध्रुवाच्या रोखाने लावावा लागतो. साताऱ्यात ध्रुव जेमतेम १८ अंशांवर, आणि नेमका माझ्या पायरीच्या फांदीआड. छाटू का, म्हणून विचारतात.”

“अहो, मोहोर आलाय तिला!”

“तेच म्हटलं. आंबे उतरले की बघू.”

“काकू, आंबे उतरणार मेअखेर, जूनपासून पाऊस. मग दिवाळीपर्यंत छप्पर बंदच की!”

“ध्रुव अढळ आहे ना? थांबेल.”