लेझरवाले काका

इंजिनिअरिंग कॉलेजचं वर्कशॉप असो, फॅब लॅब असो की नेमप्लेटचं दुकान, लेझर कटरशेजारी एक काका असतातच. वय तिशीचं असलं तरी ते काकाच. ‘नाही’ म्हणण्याबद्दल ते पंचक्रोशीत प्रसिद्ध असतात आणि पोरं त्यांना खाष्ट म्हणतात. माझ्या मते मात्र त्या यंत्राच्या साऱ्या सुरक्षाव्यवस्थेत काकांचा खाष्टपणा हाच सर्वांत भरवशाचा भाग आहे. बाकीचे भाग मधूनमधून बिघडतात. त्यातून काका पुण्याचे असले तर विचारायलाच नको. या यंत्रातला कार्बन डायऑक्साइड लेझर १९६४ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये शोधून काढला तो बारामतीत जन्मलेल्या आणि पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलेल्या कुमार पटेल यांनी. त्यामुळे यंत्रावर पुणेरी काकांचा जणू घरचाच हक्क.

त्यांचा पहिला नकार मालाला असतो. गणपतीच्या मखरासाठी कुणी सनबोर्ड घेऊन येतो. दिसायला छान, वजनाला हलका, खिशाला परवडणारा. पण सनबोर्ड म्हणजे फुगवलेलं पीव्हीसी, आणि ते लेझरखाली जळलं की हायड्रोजन क्लोराइड सुटतो. दमट हवेत त्याचं ॲसिड होतं; ते छातीत झोंबतं आणि यंत्राचे रेल गंजवतं. रेक्झिनचं तेच. ‘एक्झॉस्ट आहे की!’ हे उत्तर इथे हमखास येतं. आहे ना. पण वायू एक्झॉस्टपर्यंत पोचतो तो यंत्राच्या पोटातूनच, आणि बाहेर पडतो तो बहुधा कँटीनच्या दिशेने.

फाइल उघडली की काका थेट परीक्षकच होतात. व्हॉट्सॲपवरचा लोगोचा फोटो पुढे केला तर ते चष्म्यावरून नुसते बघतात. फोटोत ठिपके असतात, कापायला व्हेक्टर रेघ लागते. मिलिमीटरमधली फाइल इंचात वाचली गेली, तर सगळं २५.४ पट होतं आणि कीचेन टेबलावर मावेनाशी होते. मराठी पाटीची तऱ्हा त्याहून न्यारी. फॉन्ट कर्व्हजमध्ये, म्हणजे नुसत्या बाह्यरेषांत, बदलला नसेल तर दुसऱ्या कॉम्प्युटरवर ‘कुलकर्णी’ भलत्याच चिन्हांची रांग होऊन उघडतात. कर्व्हज केले पण वेल्ड केलं नाही, तर शिरोरेषेवर जिथे अक्षर अक्षरावर चढलंय तिथेही लेझर इमानेइतबारे कापतो आणि कुलकर्णींचे तुकडे हाती येतात. हे निदान हसण्यावारी नेता येतं. एकावर एक पडलेल्या दोन रेघा मात्र पडद्यावर एकच दिसतात. यंत्र तीच वाट दोनदा चालतं, आणि आधीच तापलेलं ॲक्रिलिक दुसऱ्या फेरीत पेट घेऊ शकतं.

झाकण उघडताच लेझर बंद होतो, मग माणूस हवाच कशाला, असं हुशार पोरं विचारतात. किरण १०.६ मायक्रॉन तरंगलांबीचा, डोळ्यांना न दिसणारा. तेव्हा झाकणाचा तो स्विच हवाच. पण स्विच किरण थांबवतो, आग थांबवत नाही. त्यासाठी यंत्राकडे बघत उभा राहिलेला माणूस लागतो, अग्निशामक हाताशी ठेवून. म्हणून काका चहाला टपरीवर जात नाहीत, चहाच वर्कशॉपच्या दारापर्यंत येतो.

खरा वजनदार आक्षेप वेगळाच आहे. असं दरडावल्यामुळे नवखी पोरं यंत्राला हातच लावत नाहीत, आणि पाबळच्या विज्ञान आश्रमात २००२ साली फॅब लॅब सुरू झाली ती तर कुणालाही वस्तू घडवता यावी म्हणून. हे मान्य करायलाच हवं. ‘फायनल_फायनल_२’ या फाइलच्या नावावरून काका जी अर्धा तास शिकवणी घेतात तिचा सुरक्षिततेशी काडीचा संबंध नाही. तेवढी त्यांनी सोडावी. पण भंगारातल्या तुकड्यावर आधी एक चौकोन कापायला लावून, त्यावर व्हर्नियर टेकवून, किरण रेघेच्या जागी मिलिमीटरचा एखादा दशांश कसा खातो हे पोराला स्वतः मोजू देणारेही हेच काका. खोबणीत न डुगडुगणारं मखर त्या चौकोनातून निघतं.

तेव्हा मंडळी, फाइल कर्व्हजमध्ये आणि माप मिलिमीटरमध्ये ठेवा, दुहेरी रेघा पुसा, सनबोर्ड घरीच राहू द्या आणि मग जा. काका तरीही एक चूक काढतीलच.