गुंठाभर लोभ

आंबा लावायचा तर दोन झाडांत दहा मीटर अंतर ठेवा, असं शेतीची पुस्तकं सांगतात. चिकूलाही तेवढंच, पेरूला सहा मीटर. दहा बाय दहा म्हणजे १०० चौरस मीटर आणि एक गुंठा म्हणजे त्याहून जेमतेम एक चौरस मीटर जास्त. थोडक्यात, शास्त्राप्रमाणे एका गुंठ्याला एक आंबा. पुण्यातल्या आमच्या घराच्या मागची-पुढची मोकळी जागा मिळून गुंठाभर भरेल, त्यातून पाण्याची टाकी वजा जाता माझ्या वाट्याला पाऊण आंबा येतो.

सध्या तिथे आंबा, चिकू, पेरू, लिंबू, सीताफळ, अंजीर, डाळिंब, तुती आणि पपया आहेत. कुंपणाला करवंदाची जाळीही आहे, पण ती मी मोजत नाही. ती कुंपण म्हणून लावली आहे, असं घरी सांगितलेलं आहे.

या गर्दीचं समर्थन माझ्याकडे तयार असतं. शेतकऱ्याला फळं एकदम आणि एका मापाची हवी असतात, कारण टेम्पो एकदाच भरायचा असतो. घराची गरज नेमकी उलटी. मोठं चिकूचं झाड एकदा द्यायला लागलं की पहिले दोन दिवस कौतुक होतं, मग मिल्कशेक होतो, मग घरात त्या फळाचं नाव काढायची सोय राहत नाही. शेजारीसुद्धा दार उघडताना आधी आपल्या हातातल्या पिशवीकडे बघतात. त्यापेक्षा थंडीत चार पेरू, मार्चमध्ये वाटीभर तुती, त्याच सुमारास अंजिराचा मीठा बहार, मेमध्ये आंबे आणि दिवाळीच्या आगेमागे सीताफळं, असं थोडं थोडं येत राहिलं तर घरात शांतता नांदते. झाडं दरवर्षी छाटून हाताला लागतील एवढीच ठेवायची. ती खिडकीतून डोकवायला लागली की समजायचं, कात्री उशिरा निघाली.

कोणी फारच हसलं तर मी कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांचं नाव पुढे करते. गणिताचा हा माणूस. दहा गुंठ्यांत एक कुटुंब नीट जगू शकतं, हे पटवून देत त्यांनी ‘प्रयोग परिवार’ उभा केला. जमिनीइतकाच उन्हाचा हिशेब मांडायचा, अंगणात पडणारं ऊन पानांनी गोळा करायचं, वाया जाऊ द्यायचं नाही, हे त्यांचं सांगणं मला तोंडपाठ आहे. अडचण एवढीच की आमच्याकडच्या उन्हावर पहिला हक्क शेजारच्या सात मजल्यांचा आहे. ते उरवतील ते आमच्या पानांचं.

आंबा निवडतानाच पहिला वाद झाला. पलीकडच्या बंगल्यातले नाना रत्नागिरीचे. मी आम्रपालीचं कलम आणलंय म्हटल्यावर त्यांनी चष्मा काढून पुसला. “हापूस नाही? मग आंबा कशाला लावलात?” मी सांगून पाहिलं, की आम्रपाली म्हणजे उत्तरेकडची दशहरी आणि दक्षिणेकडचा नीलम यांची सोयरीक आहे, झाड ठेंगणं राहतं आणि दरवर्षी फळ देतं. हापूस एक वर्ष देतो आणि दुसऱ्या वर्षी रुसतो. “रुसणारच,” नाना म्हणाले, “त्याला मान आहे.” दापोलीच्या कृषी विद्यापीठाने हापूस आणि नीलम यांच्या संकरातून ‘रत्ना’ काढलाय, तो चालेल का, असं विचारलं तर म्हणाले, निम्मा चालेल.

पेरूबद्दल मात्र पुणेकरांना कोणी शिकवू नये. सरदार नावाचा जो पेरू देशभर लावतात, तो १९२७ साली इथेच गणेशखिंडीत डॉ. चीमांनी निवडून काढला. बी लखनौचं, म्हणून त्याचं दुसरं नाव लखनौ-४९. आमच्या झाडाला हा इतिहास माहीत असावा, इतकं ते तोऱ्यात असतं. त्याला त्रास एकाच गोष्टीचा, फळमाशीचा. त्यासाठी मिथाइल युजेनॉलचा सापळा टांगतात. त्या वासाला फक्त नरमाश्या भुलतात आणि आत जाऊन पडतात. मादीला त्यात काडीचाही रस नसतो. सापळ्याची डबी रिकामी करायचं काम मी नवऱ्याकडे दिलंय. तो ते फारसं न बोलता करतो.

पपईचं प्रकरण याहून नाजूक. बियांपासून केलेलं रोप नर की मादी, हे फुलं आल्याशिवाय कळत नाही, म्हणून एका खड्ड्यात तीन रोपं लावायची आणि पाच-सहा महिने वाट बघायची. मादीची फुलं खोडाला चिकटून बसतात, नराची लांब देठांवर झुपक्याझुपक्यांनी लोंबतात. मग मादी ठेवायची आणि नर काढून टाकायचा. पुस्तकात हे एका ओळीत होतं. आमच्याकडे सासूबाई आहेत. “एवढा हाताने वाढवलेला, आता कापायचा? असू दे बिचारा. काय मागतोय तुझ्याकडे?” शेणखत मागतोय, पाणी मागतोय आणि लिंबाचं ऊन अडवतोय, हे मी मनात म्हटलं. तो अजून आहे. संध्याकाळी त्याच्या फुलांना मंद वास सुटतो आणि सासूबाई मुद्दाम त्याच्या बाजूला खुर्ची टाकतात.

सीताफळाने मला गल्लीत नावारूपाला आणलं. त्याचं फूल आधी मादीचं काम करतं आणि मग नराचं. म्हणजे पराग घ्यायची त्याची तयारी असते तेव्हा स्वतःचे पराग तयार नसतात, आणि पराग सुटतात तोवर घेण्याची वेळ टळलेली असते. यातून वाट काढायचं काम काही बारीक भुंगेरे करतात. तेवढे भुंगेरे आमच्या गल्लीत नाहीत, म्हणून ते काम मी पत्करलं. संध्याकाळी उमललेल्या फुलांचे पराग डबीत जमवायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अर्धवट मिटलेल्या फुलांत बारीक ब्रशने पोहोचवायचे. मुलीच्या जलरंगांच्या पेटीतला दोन नंबरचा ब्रश यासाठी उत्तम. पहिल्यांदा हे चाललेलं नानांनी कुंपणावरून बघितलं. बराच वेळ गप्प राहून त्यांनी विचारलं, “वहिनी, फुलं रंगवताय का?” मी खरं काय ते सांगितलं. त्यावर ते जे आत गेले ते संध्याकाळपर्यंत बाहेर आले नाहीत.

पण फळ आलं तेव्हा फरक दिसला. सीताफळाचा एकेक डोळा म्हणजे फुलातला एकेक वेगळा बीजकोश असतो. जिकडे पराग पोहोचत नाहीत तिकडची बाजू चेपलेली राहते आणि फळ वाकडं होतं. माझी गोल होती. एक फळ नानांकडे पाठवलं. रिकामी वाटी परत आली तिच्यात खोबऱ्याच्या वड्या होत्या, तेव्हा विषय मिटला असं धरून चालले आहे.

लिंबाचं सांगायचं तर ते झाड माझं नाहीच. पानांवर पक्ष्याची शीट पडल्यासारखं काही दिसलं, तर ती बहुधा फुलपाखराची अळी असते. मोठी झाली की हिरवी होते, आणि बोट लावलं की डोक्यामागून दोन लाल शिंगं काढून घाण वास सोडते. कोवळी पालवी बघता बघता फस्त. औषध मारायला गेलं की मुलगी आडवी येते. तिच्या शाळेच्या प्रकल्पात त्या अळ्या आहेत. उरलेल्या पानांवर लिंबं धरतात ती पाणीकपातीच्या कृपेने. बागायतदार मुद्दाम पाणी तोडून झाडाला ताण देतात, मग पाणी सोडलं की बहार फुटतो. आमच्याकडे हे आपोआप होतं. पंचाईत हस्त बहाराची. त्याची लिंबं ऐन उन्हाळ्यात हाती येतात, बाजारात लिंबाला हात लावता येत नाही तेव्हा. पण त्यासाठी ताण द्यायचा पावसाळ्याच्या शेवटी, आणि पाऊस तर आमच्या घरापुरता बंद करता येत नाही.

चिकूत रात्रीची वाटणी चालते. वटवाघळं एखादं फळ पूर्ण खाऊन संपवतील तर शपथ. चव बघायची, टाकायचं, दुसरं धरायचं. सकाळी फरशीवर सगळा पुरावा पडलेला असतो. जाळी लावा, असं सगळे सांगतात. जाळीत पाखरं अडकतात, ते मला बघवत नाही. शिवाय शेंड्याचे चिकू काढायला घरात कोणीच चढत नाही, मग ते कोणासाठी राखायचे? कच्चे हाताशी येतील ते आम्ही उतरवतो आणि तांदळाच्या डब्यात पिकवतो.

एवढं सगळं असताना जागा संपली, हे मलाही दिसतं. झाडं म्हणजे जुन्या वाड्यातले भाडेकरू, एकदा आत आले की उठत नाहीत. कायदाही त्यांच्याच बाजूने, १९७५ पासून शहरात झाड तोडायचं तर वृक्ष प्राधिकरणाची परवानगी काढावी लागते. म्हणून लावतानाच काय तो विचार करावा, असं मी इतरांना बजावत असते.

गेल्या रविवारी नाना फाटकात उभे. हातात दुधाची पिशवी कापून केलेली कुंडी आणि तिच्यात वीतभर रोप. गावाकडच्या बरक्या फणसाची आठळी, त्यांनी स्वतः रुजवलेली. “माझ्याकडे सगळी फरशी केली मुलाने,” ते म्हणाले, “तुमच्याकडे जागा आहे.” फणस केवढा होतो हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत. मी नको म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात मागून सासूबाईंनी विचारलं, कापा की बरका? आणि बरका म्हटल्यावर रोप हातात घेतलंसुद्धा.

टेप लावून पाहिला. पूर्वेच्या बोळात आठ फूट आहेत, ऊनही दहापर्यंत येतं. तिथे नवरा स्कूटर लावतो. ती रस्त्यावर लावली तर चालेल का, हे विचारायचं आहे. सापळ्याची डबी रिकामी करून तो आत आला की विचारीन.